सुरूचं कुंपण आणि चाकांची खाट

आमच्या गल्लीत कुणी नव्यानं राहायला आलं, की पहिल्या आठवड्यातच त्याला कोपऱ्यात घेऊन कुणीतरी सांगतं, "शेवटच्या घरातल्या गादीवालीपासून जपून हं. तिनं अध्यक्षांचं कुंपण कापलं होतं. निव्वळ मत्सरानं. स्वतःला अध्यक्ष होता आलं नाही ना!" सांगणाऱ्यागणिक हत्यार बदलतं. कुणाच्या गोष्टीत कोयता असतो, कुणाच्या गोष्टीत गादीचं कापड कापायची कात्री. एका गृहस्थांनी तर तिच्या हातात कुऱ्हाड दिली आणि डोक्यावरून काळी शाल पांघरली. मी मान डोलावत ऐकून घेतो. रंगात आलेली कुजबूज मध्येच तोडू नये, एवढी रीतभात माझ्याकडे आहे.

ही गादीवाली म्हणजे आमची भोंगा. नाव मी ठेवलेलं नाही, पण ज्यानं ठेवलं त्याला मी खूश होऊन चहा पाजला होता. ती साधं "या, बसा" म्हणाली तरी समोरच्या घरातली माणसं बसायची. गाद्या, उशा, सोफ्याच्या बैठका हा तिचा धंदा. घरामागं पत्र्याची शेड, तिला ती रुबाबात कारखाना म्हणे. आत कापसाचे गठ्ठे, फोमच्या लाद्या, आणि पिंजलेल्या कापसाची अशी काही धूळ की आत गेलेला माणूस बाहेर येताना दहा वर्षांनी म्हातारा दिसे. तिथं काडेपेटीचं नाव काढायची सोय नव्हती. एकदा एक गिऱ्हाईक पेटती सिगारेट घेऊन दारात उभं राहिलं. भोंगानं काही न बोलता तांब्याभर पाणी त्याच्या तोंडावर मारलं आणि मग विचारलं, "सिंगल हवी की डबल?"

घरात ती आणि तिचा थोरला भाऊ. आम्ही सगळेच त्याला दादा म्हणत असू. चांगला गवंडी होता, परांचीवरून पडला आणि कमरेखाली लुळा झाला. पडतानासुद्धा हातातली थापी सोडली नाही, असं तो सांगे. खोटं सांगे. पण माणूस गमतीदार. भोंगानं एका बंद पडलेल्या इस्पितळाची लोखंडी खाट भंगारातून आणली, तिची चाकं बदलली, वर स्वतःच्या हातची गादी घातली आणि दादाला त्यावर बादशहासारखा बसवला. खाट जड, रुंद, आणि वळताना म्हशीसारखी अडून बसणारी.

"बये, हिला हॉर्न बसव," दादा म्हणायचा.

"मी आहे ना," भोंगा म्हणायची.

आता गल्लीची रचना सांगतो, नाहीतर पुढचं भांडण कळायचं नाही. आमची गल्ली डोंगराच्या पायथ्याशी संपते. भोंगाच्या कारखान्यामागं कमरेएवढं गवत, त्याच्यापुढं रान. उन्हाळ्यात ते गवत असं वाळतं की वारा आला तर कागद चुरगाळल्यासारखा आवाज येतो. दर दोन-तीन वर्षांनी डोंगरावर वणवा लागतो. पुढचा मोटाररस्ता रानाला वळसा घालून जातो, त्यामुळे वणवा आला की पहिल्यांदा तोच बंद. उरते मागची पायवाट. ती अध्यक्षांच्या आवाराला लागून थेट खाली हमरस्त्याला उतरते. आणि त्या आवाराला होतं सुरूचं कुंपण. अध्यक्षांनी लेकीच्या जन्माच्या वेळी लावलेलं. बाहेरून हिरवंगार, आतून वाळक्या काड्यांचा भारा. दर वर्षी ते वीतभर पायवाटेवर सरकायचं. अध्यक्ष त्याला "आपली हिरवी भिंत" म्हणत. पायी जाणारा माणूस अंग चोरून निघून जायचा. दादाची खाट जात नव्हती.

मागच्या वणव्यात ज्वाळा टेकडीपलीकडेच थांबल्या म्हणून निभावलं. पण त्या दुपारी भोंगानं भावाला पाठीवर घेतलं होतं. अंगणापर्यंत नेलं आणि दोघंही पडले. तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच गोष्ट बसली: खाट पायवाटेनं खाली गेली पाहिजे.

अशात अग्निशमन खात्यानं एक योजना काढली. डोंगराशेजारच्या गल्ल्यांना छोटी छोटी अनुदानं. रक्कम मोठी नव्हती, एखाद्या बड्या घरच्या लग्नात नुसत्या फुलांवर उडेल एवढीच. पण काम नेमकं सांगितलं होतं: वाळकं गवत कापा, पन्हाळीतला पाला काढा, बाहेर पडायच्या वाटा मोकळ्या करा. ही बातमी भोंगानंच आणली. अर्जही तिनंच केला. खात्यातून एक तरुण अधिकारीण बाई पाहणीला आल्या, तर तिनं त्यांना आधी गवतात नेलं, मग कुंपणापाशी उभं केलं आणि म्हणाली, "बाई, हात घाला आत." बाईंनी घातला. मूठभर वाळक्या काड्या बाहेर आल्या. "हे जायला हवं," बाई म्हणाल्या. "निदान कडेचं तरी."

फक्त एक नियम होता. अनुदान एकट्या माणसाला नाही, गल्लीच्या समितीला मिळणार. आणि आमच्याकडे समिती म्हटली की अध्यक्ष ठरलेले. ते कशाचे अध्यक्ष होते हे कुणालाच आठवत नव्हतं, पण त्यांच्या घरी माइक होता.

पैसे आले. आणि मंडळी, आजही सांगताना माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. त्या पैशातून गल्लीच्या तोंडाशी कमान उभी राहिली: 'सजग गल्ली, सुरक्षित गल्ली'. घरटी नारिंगी टी-शर्ट आले, पाठीवर ज्वाळेचं चित्र, छातीवर अध्यक्षांचं नाव. एक मांडव, खुर्च्या, फोटोवाला. गवत कापायला जे उरलं त्यात एका माणसानं एक सकाळ विळा चालवला, तोही कमानीच्या आजूबाजूला, फोटोत बरं दिसावं म्हणून.

भोंगा अध्यक्षांच्या दारात गेली. ऐकायला कान टवकारावे लागले नाहीत.

"अहो, माझ्या भावाची वाट कुठंय यात?"

"ताई, आधी जनजागृती. लोकांची मनं तयार करायला नकोत का?"

"माझं मन तयार आहे. तुमचं कुंपण तयार नाही!"

"ते लेकीच्या नावानं लावलंय."

"मग लेकीला बोलवा आणि तिलाच कापायला सांगा."

अध्यक्षांनी दार लावून घेतलं. त्यांच्या मागं स्वयंपाकघराच्या दारात त्यांची बायको, आमच्या वहिनी, उभ्या होत्या, हातात पुसायचं फडकं. वहिनी फार बोलत नसत. त्या घरात बोलायचं खातं एकाच माणसाकडं होतं.

मग आली रंगीत तालीम. वणवा आला असं समजून सगळ्यांनी मागच्या पायवाटेनं हमरस्त्यावर उतरायचं. शिट्टी वाजली. आम्ही नारिंगी कपड्यांतले लोक एकामागून एक असे उतरलो जणू गाजरांची पेटी उलटी झाली. खाली अध्यक्ष माइक घेऊन उभे. अधिकारीण बाईंनी विचारलं, "सगळे आले का?" त्यावर आमच्या समितीनं जी हुशारी दाखवली ती दुसरी कुठली गल्ली दाखवणार नाही. त्यांनी टी-शर्ट मोजले. वाटलेले टी-शर्ट आणि खाली पोचलेले टी-शर्ट जुळले. "शंभर टक्के यशस्वी!" अध्यक्ष गरजले. टाळ्या पडल्या.

दादाला टी-शर्ट दिलेलाच नव्हता. "ते कुठं बाहेर पडतात," म्हणून त्याचं नाव वगळलं होतं.

तो वर होता. खाट कुंपणात घुसून अडकली होती, धड पुढं नाही, धड मागं नाही. भोंगा मागून ढकलत होती आणि पुढं वहिनी ओढत होत्या. भोंगानं टी-शर्ट घेतलाच नव्हता आणि वहिनी चहाच्या कामाला म्हणून मोजणीत नव्हत्या. वहिनींच्या हातात चहाचे पेले होते ते त्यांनी तिथंच जमिनीवर ठेवले होते. सुरूच्या काड्यांनी दादाचा गाल आणि दंड ओरबाडून निघाला होता. खालून टाळ्या ऐकू आल्या तसा तो म्हणाला, "बये, बघ, मी जळालो म्हणून टाळ्या वाजवतायत." त्याला हसू आलं. भोंगाला आलं नाही. वहिनींनाही नाही.

मला लाज वाटली ती टाळ्या वाजवणाऱ्यांची. गल्लीत एवढे धडधाकट हात, आणि सगळे खाली माइकपाशी.

पुढच्याच पंधरवड्यात अध्यक्ष आदर्श गल्लीचं प्रमाणपत्र घ्यायला शहरात गेले. भोंगा वसतिगृहाच्या गाद्या पोचवायला गेली होती, निदान ती तसं म्हणाली. संध्याकाळी अध्यक्ष परतले तर पायवाटेच्या कडेचं कुंपण बुंध्यापासून साफ! फांद्या नीट रचून एका बाजूला. हार घातलेले अध्यक्ष त्या ढिगासमोर उभे राहिले. त्यांचा चेहरा असा झाला होता की मला हसू आवरेना म्हणून मी घरात जाऊन हसलो.

सभा बोलावली. सगळ्यांच्या नजरा आधीच भोंगावर.

"गुन्हेगार सापडेपर्यंत," अध्यक्ष म्हणाले, "त्या मोकळ्या जागेत पायवाटेवर पत्रा ठोकला जाईल. ती जागा म्हणजे पुरावा आहे. चौकशी होईपर्यंत तिथून कुणीही जायचं नाही."

उन्हाळा तोंडावर आला होता. भोंगा उठली. "म्हणजे गुन्हेगार सापडला की पत्रा नको?"

"नको."

"मग मीच कापलं. झाली चौकशी."

तिच्या तोंडून इतक्या हळू आवाजात वाक्य निघालेलं आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो.

"लेखी नको, पण माफी मागावी लागेल ताई," अध्यक्ष म्हणाले. "सगळ्यांसमोर."

तिनं पदर कमरेला खोचला. रागानंच, दुसरं काय. आयुष्यात या बाईनं कुणाची माफी मागितली नव्हती. ज्याच्या तोंडावर पाणी मारलं त्या गिऱ्हाइकाचीसुद्धा नाही. उलट त्यालाच फरशी पुसायला लावली होती. पण पत्रा ठोकला तर दादा आत राहणार होता.

"मागते," ती म्हणाली. "कुंपणाची मागते. तुमची नाही."

अध्यक्षांनी तेवढ्यावर समाधान मानलं. गल्लीनं मात्र मानलं नाही. लोकांनी तिला गाद्या भरायला देणं बंद केलं. "हात चलाख आहेत हो," असं म्हणून बायका खिडक्या लावून घेऊ लागल्या. आधी भोंगा सगळ्यांशी तावातावानं भांडायची. आता भांडायलाही कुणी येईना, आणि तिचा तो राग घरातल्या घरात कोंडून राहिला. दादा म्हणायचा, "माझ्यावर तरी ओरड. खाट सुनी वाटते."

वणवा आला तो भर दुपारी. टेकडीवरून धूर उतरला, मोटाररस्ता दिसेनासा झाला. कमानीखाली नारिंगी टी-शर्टांचा गोंधळ, कुणाला काही सुचेना. भोंगाचा आवाज मात्र फुटला. "मागनं चला! मागनं!" खाट पायवाटेवर आली, मागं भोंगा, पुढं दादाच्या पायांकडं वहिनी. "धरा नीट, वहिनी! नाजूकपणा नको!" असं भोंगा त्यांच्यावरही खेकसली. खाट त्या मोकळ्या कडेनं खडखडत, घसरत, एकदा कलंडता कलंडता, हमरस्त्याला लागली. दादाच्या अंगाला एक काडीसुद्धा लागली नाही.

पण गवत तसंच होतं ना! ज्या पैशातून ते कापायचं होतं ते आमच्या अंगावर होते. ज्वाळा त्या गवतातून सरळ चालत आल्या, आणि भोंगाचा कारखाना, कापूस, फोम, यंत्र, सगळं पाहता पाहता राख झालं. बंब आले तेव्हा विझवायला पत्रे उरले होते. बाकी घरं वाचली.

खात्याच्या पुस्तिकेत नंतर आमचा फोटो छापून आला, कमानीसकट. 'छोट्या अनुदानाचा मोठा परिणाम. जीवितहानी नाही.' अध्यक्षांनी ते पान काचेत लावलं. भोंगा ओसरीवर बसून हातानं उशा शिवत होती. मी तिला ते पान दाखवायला गेलो, ही माझी खोड. तिनं वाचलं, सुई दातात धरली आणि म्हणाली, "यांना सांगा, त्या गवताचाही फोटो छापा." पुढं जे म्हणाली ते छापण्यासारखं नाही, पण अध्यक्षांच्या काचेपर्यंत ऐकू गेलं.

आता अध्यक्ष आणि वहिनी लेकीकडं राहायला गेलेत, घर विकलंय, दादाही वारला. भोंगाला लोक अजून कुंपणकापी म्हणतात आणि ती अजून नाही म्हणत नाही.

कुंपण वहिनींनी कापलं. नवरा शहरात होता, माळ्याची करवत पडवीत होती, एक दुपार लागली.