काखेत खोबरेल

सुलभाकाकू पहिल्यांदा आमच्या दारात आल्या तेव्हा त्यांचा डावा हात शालीखाली अंगाशी घट्ट धरलेला होता. मला वाटलं, हात मोडलाय. आत येऊन बसल्यावर त्यांनी काखेतून खोबरेल तेलाची बाटली काढली. "दिल्लीच्या थंडीत गोठतं गं हे. गॅसवर कशाला ठेवायचं, आपल्याला काय भजी तळायचीत?"

नोएडातल्या आमच्या सोसायटीत त्या आमच्या खालच्याच मजल्यावर राहायच्या. जन्म पहाडगंजचा, त्यामुळे मराठी घरचं आणि 'यार' दिल्लीचं. माझ्या सात महिन्यांच्या ईराचं रडणं त्यांना खाली ऐकू गेलं होतं. गाल लालभडक, कोपरांच्या वळ्या सोललेल्या. खाजवून पोर हैराण आणि मी तिच्याहून हैराण. इसबावर डॉक्टरांचं मलम होतं, पण आंघोळ मी माझ्या आईच्या पद्धतीने घालायचे, कढत पाण्याने आणि डाळीच्या पिठाने खसाखसा चोळून.

"अरे यार, पोर आहे ती, पितळेचं पातेलं नव्हे!" काकू ओरडल्याच. दुसऱ्या दिवशी आंघोळीला त्या स्वतः बसल्या. कोमट पाणी, तेही झटपट. साबण नावापुरता. पंच्याने अंग फक्त टिपायचं आणि ओलसर असतानाच चट्ट्यांवर मलम, बाकी अंगाला तेल. तेलाचं डॉक्टरांना विचारायला लावलं, तेही त्यांनीच. स्वेटरच्या आत जुन्या सुती साडीचं झबलं. "कातडीशी भांडायचं नसतं, तिची मनधरणी करायची," असं त्या म्हणायच्या. एरवी भांडायला त्यांना कुणीही चालायचं. आता त्या नाहीत, तर भाजीवालासुद्धा हळहळतो.

ईरा शांत झोपायला लागली, पण गालांची लाली काही हटेना. संक्रांत आली तशी मी बोरन्हाण करायचंच नाही असं ठरवलं.

"लोक तिच्या गालांकडेच बघतील, काकू."

"बघू देत. तिची पहिली संक्रांत काय परत येणारेय?"

रीतीभातींना इतक्या पक्क्या, पण हलव्याचे दागिने त्यांनी तबकातच ठेवले. "हे टोचणार तिला. नुसतं काळं सुती झबलं घाल."

बायका जमल्या. मी ईराला काकूंच्या मांडीवर दिलं. तेवढ्यात एकीने आपल्या नातवाला मागे ओढलं. "एकमेकांना लागतं का हो हे?"

लेकीला आत न्यायला मी पुढे झाले.

"बिल्कुल नाही," काकू म्हणाल्या. त्यांनी चष्मा काढला आणि ईराच्या लाल गालावर आपला सुरकुतलेला गाल टेकवला. तसाच ठेवला, सगळ्यांनी नीट पाहीपर्यंत. ईराने त्यांचा कान पकडला आणि ती खुदकन हसली. मला रडू आवरेना.

"चलो, टाका बोरं. पोर कधीची वाट बघतेय."

त्या बाईंनी नातवाच्या ओंजळीत चुरमुरे भरले आणि त्याला पुढे केलं.