साडूभाऊंची वीस आकडी संख्या

माझ्या साडूभाऊंइतका संतापी माणूस अख्ख्या जालना जिल्ह्यात नसेल, आणि त्या संतापातला एक थेंबही माणसांच्या वाट्याला येत नाही. दुकानासमोर कुणी जीप आडवी लावली तरी ते हसतात. पण एखादी संख्या आठ-नऊ आकडी आहे एवढ्यावरून कुणी तिला मूळ संख्या म्हटलं, की त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल होतात. "दिसाया अवघड म्हणून मूळ? आधी भागून तर पाहा," असं ते परक्यालाही सुनावतात. जाफराबादेत त्यांचं बी-बियाण्यांचं दुकान आहे. ऐन पेरणीच्या घाईत सोयाबीनची पिशवी हातात धरून हे तिच्या लॉट नंबरला तेराने, सतराने भागत उभे असतात. एकदा केदारखेड्याचा एक शेतकरी वैतागून म्हणाला, "मालक, पिशवी द्या ना जल्दी, जीप निघून राह्यली." साडूभाऊ म्हणाले, "दम धर, एकोणीसनं भाग लागून राह्यला." त्या बिचाऱ्याला पुढच्या जीपसाठी तासभर बसावं लागलं.

त्यांच्या जिवाचा विषय मात्र एकच संख्या. स्वतःचा आणि अक्कांचा, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीचा, मोबाइल नंबर शेजारी शेजारी लिहून त्यांनी ती वीस आकडी संख्या तयार केली होती. ती मूळ नाही, हे त्यांनी एक अख्खा उन्हाळा आकडेमोड करून सिद्ध केलं. एक कसोटी असते म्हणे: संख्या मूळ असेल तर शेवटी बाकी १ उरायला हवी. यांची भलतीच उरली. म्हणजे संख्या संयुक्त, तिला अवयव आहेत, फक्त ते कोणते हे माहीत नाही. चोरी झाल्याचं सिद्ध आणि चोराचा पत्ता नाही, असला हा कारभार. "अवयव दाखवता येत नाहीत, तर आहेत कशावरून?" असं मी विचारलं, तेव्हा चहा येईपर्यंत ते माझ्याकडे पाठ करून पिशव्या मोजत राहिले. गेली कित्येक वर्षं ते गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात एकेका मूळ संख्येने तिला भागत होते. भाग गेला नाही की "हा बी न्हाई" म्हणायचे, आणि चेहरा असा खुलायचा की जणू गेलाच.

मागच्या लग्नसराईत पंगतीला आमच्यासमोर नात्यातला एक इंजिनिअर बसला होता. तो जालन्याच्या एमआयडीसीत कुठेसा कॉम्प्युटर सांभाळतो. त्याने सहज विचारलं आणि साडूभाऊंनी कौतुकाने ती संख्या तोंडपाठ म्हणून दाखवली. त्याने डाव्या हाताने ती मोबाइलमध्ये टाकली, उजव्या हातातली पुरी खाली न ठेवता. "दोनच अवयव हायेत काका. लहाना नऊ आकडी," असं म्हणून त्याने दोन्ही वाचून दाखवले आणि भाजी मागितली. पंगत हसली. माझं मात्र डोकं फिरलं. विचारलं होतं का तुला कुणी? माणूस वर्षानुवर्षं एक गोष्ट जपतो आणि तू ती पुरीच्या घासाबरोबर उडवून लावतोस? साडूभाऊ रागावले नाहीत, हे तर मला अजिबात सहन झालं नाही. त्यांनी शांतपणे दोन्ही आकडे पुन्हा विचारून घेतले.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेलो. त्यांनी तो गुणाकार हाताने करून पाहिला होता. "बराबर आहे पोराचं," ते म्हणाले. समजूत घालावी म्हणून मी म्हटलं, "साडूभाऊ, नऊ आकड्यांपर्यंत तुम्ही या जन्मात पोचलाच नसता. त्रास वाचला म्हणा."

"ते मला बी म्हाईत व्हतं," ते रस्त्याकडे बघत म्हणाले. "पोचायचं कुणाला व्हतं? मरेपर्यंत पुरली असती ना मला ती."

त्या इंजिनिअरला साडूभाऊंनी केव्हाच माफ केलं. मी नाही केलेलं.