केस धुतले त्या दिवशी

हे माझ्या नवऱ्यालाही ठाऊक नाही. सांगायला बसले की जीभ मागे फिरते — आत्ताही फिरतेच आहे.

अकोल्याच्या आमच्या घरात माझ्या सासऱ्यांची, म्हणजे बाबांची, माशांची काचपेटी होती. सहा एंजल मासे. आमचं बोअरचं पाणी खारं, पीएच चढलेला. त्यात ते जगत नसत. म्हणून आठवड्यातून एकदा नळ आला की बाबा एक ड्रम वेगळा भरून ठेवत. दर रविवारी पेटीतलं निम्मं पाणी काढून त्यातलं भरत. त्या ड्रमला कुणी हात लावायचा नाही!

मी लावला. कशासाठी? केस धुवायला. दुसऱ्या दिवशी अमरावतीला लग्न होतं, आणि बोअरच्या पाण्यानं केसांचा काथ्या होतो — बस, एवढंच. मग ड्रम बोअरच्या पाण्यानं भरून ठेवला. कुणाला कळणार होतं?

रविवारी बाबांनी पाणी बदललं. दुपारपर्यंत मासे आडवे. त्यांनी ड्रममधलं पाणी नळीत घेऊन पीएच तपासायचे थेंब टाकले — गडद निळं, बोअरच्या पाण्याचं होतं तसं. नळी हातात धरूनच माझ्याकडे वळले.

"बाई, ड्रम नळाच्याच पाण्यानं भरला होता नं म्या?"

त्यांच्या थोरल्या भावाला शेवटी स्वतःची मुलंही ओळखू येत नव्हती. बाबांना तीच एक धास्ती होती, आणि मला ती माहीत होती. माहीत असून काय म्हणाले मी?

"नाही बाबा. बोअरचं भरलं तुम्ही. मी पाहिलं ना."

ते खाली बसले. "माह्या हातानंच मेले," एवढंच म्हणाले.

त्या दिवसापासून त्यांचा स्वतःवरचा भरवसाच गेला. गाडीची किल्ली देऊन टाकली, बाजार सोडला. गोळी घेतली का, आंघोळ झाली का — सगळं मला विचारून. कितीदा ओठांवर आलं. घरात तोंड दाखवायला जागा राहिली नसती — म्हणून गिळलं. भित्री आहे मी, दुसरं काय?

परवा त्यांनी विचारलं, "बाई, मी जेवलो का?" कामाच्या गडबडीत मी "हो" म्हणून टाकलं. तासाभरानं पाहते, तर त्यांचं ताट झाकलेलं तसंच. धावत घेऊन गेले. त्यांनी ताट हळूच बाजूला सारलं.

"जेवलो नं मी? तूच तं सांगतलं."