डॉक्टरबाईंनी मला बाहेर काढलं नव्हतं

आमच्या घरात एक गोष्ट वरचेवर सांगितली जाते. सांगते शालन, माझी बायको. ती गोष्ट खोटी आहे, आणि हे घरात माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. तुम्हाला पहिल्यांदा सांगतोय — कसं सांगायचं, तेही अजून धड जमत नाही.

आधी मी कोण, ते ऐका. घोडपदेवला आमच्या चाळीत कुणाला दवाखान्यात न्यायचं असलं की पहिली हाक मला. रक्त बघून न डगमगणारा मी, खांदा द्यायला पुढे मी. छाती काढून चालायचो. शालनला त्याचं केवढं कौतुक! दुसऱ्याच्या दुखण्यात धीट असणं सोपं असतं, हे तेव्हा कुठे कळत होतं?

मागे तिला जिना चढताना धाप लागायला लागली. गुडघे गेलेले, म्हणजे ट्रेडमिलवर चालणं नाही. मग परळच्या एका हॉस्पिटलात औषध देऊन करायची स्ट्रेस टेस्ट ठरली. शिरेतून औषध सोडतात. माणूस पडून राहतो आणि हृदय मात्र धावायला लागतं. डॉक्टरबाईंनी आम्हा दोघांना समजावलं होतं — छाती धडधडेल, एखाददुसरा ठोका चुकेल, घाबरायचं नाही. नातेवाइकांना आत घेत नाहीत. पण शालन रडवेली झाली, तेव्हा त्याच बाईंनी मला उशाशी स्टूल दिलं. हे लक्षात ठेवा — स्टूल त्यांनी दिलं.

"अहो, हात सोडू नका हां," शालन म्हणाली आणि तिने डोळे मिटले.

औषध वाढत गेलं. मॉनिटरवरची रेघ आधी नुसती घाईत होती. मग मध्येच एक रुंद, वेडावाकडा ठोका आला. मग रिकामं. मग लागोपाठ दोन — परत रिकामं. मशीन वाजायला लागलं. मला वाटलं, ही चालली. माझ्या हातात हात असताना चालली. डॉक्टरबाई शांतपणे म्हणाल्या, "औषध बंद करा." त्या घाबरल्या नव्हत्या. त्या खोलीत दोघंच घाबरलो होतो, ती आणि मी. आणि तिला उठून पळता येत नव्हतं.

तिने माझा हात गच्च धरला होता. तिची बोटं मी सोडवली. हो, मी — एकेक करून, दुसऱ्या हाताने. करंगळी शेवटी सुटली. मला कुणी जा म्हटलं नाही. उलट नर्सने "काका, कुठे?" म्हणून विचारलं. ते मला ऐकू आलं होतं.

फाटकाबाहेरच्या टपरीवर मी चहा घेतला. सगळा प्यायलो. ती जगावी, असं मनात होतं का? खरं सांगतो, नव्हतं. जे व्हायचं ते माझ्या डोळ्यांदेखत होऊ नये, एवढंच होतं.

परत आलो तेव्हा ठोके ठिकाणावर आले होते. शालन पांढरीफटक पडलेली, तरी हसली. "कुठे गेलेलात?"

"डॉक्टरबाईंनी बाहेर काढलं."

नर्स वायरी गुंडाळत होती. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा गुंडाळायला लागली.

तेव्हापासून शालन येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, काय ती कठोर बाई, ह्यांचा हात माझ्या हातातून ओढून काढला, नाहीतर हे सोडणारे आहेत होय? शेजारणी माना डोलावतात. मीही तिथेच बसलेला असतो.

आता तिची छाती पुन्हा धडधडायला लागलीय. तीच टेस्ट परत करायला सांगितलीय, त्याच डॉक्टरबाईंकडे. महिनाभर ती अडून बसली — त्या बाईकडे मी जायची नाही, पुन्हा तुम्हाला हाकलेल. तो महिना माझ्या खोट्याने खाल्ला. रोज तिच्या छातीवर गेलेला हात मला दिसायचा, आणि रोज मी गप्प बसायचो. काल एकदाची तयार झाली.

"या वेळी असा धरते बघा," म्हणत तिने आपली बोटं माझ्या बोटांत अडकवली. "बघू कोण सोडवतंय."

मी हो म्हटलं. पकड चांगलीच घट्ट होती. करंगळीपासून सुरुवात केली तर लवकर सुटेल, असं माझ्या मनात येऊन गेलं.