टाकीतला कुंदा

अकोल्याच्या उन्हाळ्यात आमच्या घरी एसी आधी माशांना मिळतो, मग माणसांना. माझे यजमान वकील आहेत. कोर्टातून आले की पायातले बूटही न काढता हॉलमधल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीपुढे उभे राहतात. दोन नारिंगी मासे, मुंबईहून मागवलेले दगड आणि त्यांवर वाढणारी जिवंत प्रवाळं, एवढा तो संसार.

गेल्या वर्षी एका दगडावर नखाएवढं तपकिरी, झिरझिरीत फूल उगवलं. न मागता मिळालं म्हणून यजमान हरखले. आल्यागेल्याला ते दाखवू लागले. दोनेक महिन्यांत फुलंच फुलं झाली आणि शेजारची प्रवाळं अंग चोरून बसली. तेव्हा कुठे साहेबांनी मोबाइलवर शोधलं. आपण ज्याचं कौतुक करत होतो तो डंख मारणारा समुद्री जीव आहे, आणि अशा टाक्या ठेवणारे त्याला कीड म्हणतात, हे वाचून त्यांचा चेहरा उतरला.

त्यांनी चिमट्यानं सगळी फुलं खुडली आणि केस जिंकल्याच्या थाटात चहा मागितला. पंधरा दिवसांत उरल्यासुरल्या तुकड्यांतून दुप्पट उगवली.

त्याच सुमाराला सोयाबीनची पेरणी उरकून सासरे दर्यापूरहून आले. खुर्ची ओढून टाकीपुढे बसले, बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "हा तं कुंदा आहे. वावरातलं कुंद्याचं तण असंच रायते. वरून तोडून राहिला काहून? तुकडा राहिला का फुटतेच."

उपाय यजमानांनी वाचला होता: घट्ट कालवलेला चुना इंजेक्शनच्या सुईनं त्याच्या तोंडावर सोडायचा. त्यासाठी मुंबईहून खास पुडी मागवायचं चाललं होतं. सासऱ्यांनी खिशातून तंबाखूच्या चुन्याची डबी काढली. यजमानांनी ती नाकारली, पण पुन्हा मोबाइल बघितला, खायचा चुनाही चालतो असं वाचलं आणि कोपऱ्यावरच्या पानठेल्यावरून नवी, न उघडलेली डबी आणली.

रोज सकाळी टाकीचा पंप बंद करून दोघं बसायचे. बाप बोट दाखवायचा, लेक पाच-सहा फुलांना चुना लावायचा. एरवी पाऊस आणि भाव यापलीकडे न बोलणारे हे दोघं आठवडाभर तासतासभर बोलत होते. मी आतून ऐकायची.

सासरे परत निघाले तेव्हा मी त्यांच्यापाशी एक गोष्ट कबूल केली. यजमान कोर्टात असताना त्या फुलांना मी रोज माशांच्या खाद्यातलं थोडं भरवायची. ड्रॉपर नेला की ती कशी मिटून घ्यायची, ते बघायला मजा वाटायची.

सासरे हसले. "मंजे खत तूनंच घातलं, बाई. त्याले सांगू नको."

एक प्रवाळ गेलं, बाकीची दिवाळीपर्यंत पुन्हा उघडली. टाकी साफ झाली असं यजमान सगळ्यांना सांगतात. मागच्या दगडाच्या फटीत अजून एक फूल आहे. ते फक्त स्वयंपाकघराच्या दारातून दिसतं, म्हणून मलाच माहीत आहे.