स्प्रिंकलरला अडकवलेला कोट

आमचे मोठे दीर शिंपी. सारे त्यांना मास्तर म्हणतात, म्हणून मीही इथे तेच लिहिते. पाय लहानपणापासून अधू, पण हातात देवाने कसब ओतलेले. कुबड्याचा कोट शिवतील तर पाठ सरळ दिसेल. माडीवरची खोली हेच त्यांचे घर आणि दुकान.

चिंध्या, अस्तर, तापलेली इस्त्री आणि जिना न उतरू शकणारा भाऊ, यामुळे आमच्या यांना धास्ती. छताला स्प्रिंकलर बसवू द्या, नाहीतर मशीन बंद, असे यांनी बजावले होते. आगीच्या उष्णतेने त्यातली काचेची नळी फुटते आणि पाणी सुटते. मशीन बंद म्हणजे मास्तरांना भिंतीकडे बघत बसणे. ते मुकाट्याने कबूल झाले.

पाइप टाकताना कपडे टांगायची दोरी काढावी लागली. काम झाले, पाणी भरले. काल पाइपवाला शेवटचे तपासायला आला, त्याला घेऊन मी वर गेले. मास्तर खुशीत म्हणाले, "बघ, खुंटी आयतीच मिळाली."

लांब काठीने त्यांनी गिऱ्हाइकाचा जाड लोकरी कोट हँगरसकट थेट स्प्रिंकलरला अडकवला होता.

पाइपवाल्याचा चेहरा उतरला. "ताई, हँगरचा आकडा काचेला टेकलाय. खाली जाऊन पाणी बंद करतो आणि पाइप रिकामा करतो. तोवर कोटाचा भार तेवढा झेला. वर ढकलू नका, खाली ओढू नका."

मी कापायच्या टेबलावर चढले आणि कोट तळहातांवर तोलला. खाली खुर्चीवर लोकांच्या शिवून झालेल्या कपड्यांचा ढीग. काच फुटली तर सगळे भिजणार, आणि हे येऊन मशीन उचलून नेणार. मास्तर टेबल धरून उभे. मी देवाचे नाव घेऊ लागले, पण दंड भरून आले तसे तेही मध्येच तुटायचे.

"सोडू नकोस गं," मास्तर पुटपुटले.

पाइपात गुडगुड झाली, मग शांत. पाइपवाल्याने वर येऊन आकडा अलगद सोडवला. काच शाबूत होती, तरी हा भाग बदलावा लागेल म्हणाला.

तेवढ्यात हे आले. मी काही सारवासारव करणार, तोच मास्तर बोलले, "मी अडकवला. हिला बोलू नकोस. मशीन न्यायचं तर ने."

यांनी छताकडे पाहिले, मग खुर्चीवर टाकलेल्या कपड्यांच्या ढिगाकडे.  मग यांनी भावाच्या गळ्यातली टेप काढून घेतली.

"दादा, सगळ्यात लांब कोट केवढा असतो?" असे विचारत हे खुंट्या ठोकायला भिंत मोजू लागले.