मिस्त्रीला दुखत नाही

मला माझा साडू आवडत नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणाचा गैरसमज व्हायला नको. त्याची बायको ही माझ्या बायकोची थोरली बहीण. तेवढ्या एका कारणासाठी मी लग्नापासून त्याला सहन करत आलोय. तो नळकाम करतो. सगळे त्याला मिस्त्री म्हणतात. मी रंगारी. नळवाल्याचं आणि रंगाऱ्याचं विळ्याभोपळ्याचं सख्य का असतं, हे ज्यांनी घर दुरुस्त करून घेतलंय त्यांना सांगायला नको. आम्ही भिंत घासायची, पुट्टी भरायची, पहिला हात, दुसरा हात मारायचा, आणि रंगाचा वास जायच्या आत या गृहस्थाने छिन्नी-हातोडा घेऊन हजर व्हायचं. "आत पाइप गळतोय."

एकदा एका हॉलची भिंत पुरी करून मी चहा पीत तिच्याकडे बघत उभा होतो. काच म्हणावी अशी भिंत झाली होती. मिस्त्री आला, भिंतीला कान लावला, बोटाच्या पेराने टकटक केली आणि मला काही विचारायच्या आत घाव घातला. नेमकी तिथेच गळती निघाली. तेच मला जास्त झोंबलं. मालकाने त्याची पाठ थोपटली आणि मला म्हणाला, "तुमचं काय, परत मारा हात!" हात त्याचा चांगला आहे, हे मी नाकारत नाही. पण तोंड? अरे देवा. माझा रंग त्याला 'चुना' वाटतो, आणि चारचौघांत तो मला 'ब्रशवाला' म्हणतो.

तर असा हा माणूस, लोकांची तुंबलेली गटारं मोकळी करत फिरणारा, आणि याचंच तुंबलं. कामावर गेला की मालकाच्या बाथरूममध्ये शिरायचा आणि कितीतरी वेळ बाहेरच यायचा नाही. लोकांना वाटायचं, मिस्त्री फ्लश तपासतोय. केवढा बारकाईने काम करतो म्हणून कौतुकही व्हायचं. घरात याने अवाक्षर काढलं नाही. शेवटी एक दिवस पूर्णच बंद झालं, पोट ढोलासारखं फुगलं आणि त्याला उचलून हॉस्पिटलात न्यावं लागलं. प्रोस्टेट वाढलेलं. दुर्बीण आत घालून डॉक्टरांनी ते खरवडून काढलं. बाहेरून ना टाका, ना ओरखडा. त्यामुळे भेटायला येणाऱ्यांना वाटायचं, याला झालंय तरी काय, मजेत तर पडलाय.

पुरुषांच्या वॉर्डात सोबतीला पुरुषच लागतो. मिस्त्रीला दोन्ही मुलीच. एक जावई लांबच्या शहरात, दुसरा रक्ताचा थेंब बघितला की आडवा होतो. माझी बायको म्हणाली, "तुमच्याशिवाय आहे कोण?"

"मी काय घोडं मारलंय?"

"एकदा ताईचं तोंड बघा आणि मग नाही म्हणा."

ताईचं तोंड बघितलं आणि गेलो. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. आमच्यात हरी कोण आणि गाढव कोण, यावरून अजून वाद आहे.

वॉर्डात त्याच्या खाटेजवळ एक स्टँड होता. त्याला पाण्याच्या मोठ्या बाटल्या टांगलेल्या. त्यातलं पाणी एका नळीने त्याच्या पोटात जायचं आणि दुसऱ्या नळीने खाटेखालच्या पिशवीत यायचं, गुलाबी होऊन. सिस्टरने मला नीट समजावलं, कारण मिस्त्री छताकडे बघत पडला होता. "वरचं पाणी आतलं रक्त धुऊन काढतं. ते चालूच राहायला हवं, नाहीतर रक्ताच्या गाठी होतात आणि नळी तुंबते. पिशवीतल्या रंगावर लक्ष ठेवा. फिका गुलाबी चालेल. गडद झाला की हाक मारा."

मिस्त्री ऑपरेशननंतर पहिल्यांदा हसला. "घे. ब्रशवाल्याला इथेही काम मिळालं."

सिस्टरने पुढचं त्याला सांगितलं. "काका, आत नळी असली की मूत्राशय तिला बाहेर ढकलायला बघतं. कळ येईल, लघवी लागल्यासारखं वाटेल. जोर लावायचा नाही. दुखलं की सांगायचं. त्यावर औषध आहे."

"मला दुखत नाही," मिस्त्री म्हणाला.

मग तेच सुरू झालं. सिस्टर फेरीला यायची, विचारायची, "काका, दुखतंय का?" हा म्हणायचा, "नाही." आणि मी बघायचो ना समोर बसून! कळ आली की पायाची बोटं आखडायची, खाटेचा दांडा असा धरायचा की वाटे आता पिरगाळून काढतो, वरच्या ओठावर घाम. शेजारच्या खाटेवर एक बस कंडक्टर होता, त्याचंही हेच ऑपरेशन. तो कळ आली की "मेलो, मेलो" करून वॉर्ड डोक्यावर घ्यायचा, गोळी मिळवायचा आणि घोरायला लागायचा. मिस्त्री त्याच्याकडे तुच्छतेने बघायचा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. फक्त इथे तोंड याने स्वतःच दाबून धरलेलं.

"कशाला खोटं बोलता?" मी विचारलं.

"तू पिशवी बघ."

त्यात भेटायला येणारे. काय बोलावं या लोकांना! एक जण खाटेवर टेकला, पाय हलवत म्हणाला, "आमच्या शेजाऱ्यांचं असंच झालं होतं. मग काय, नळी कायमची बसली." मिस्त्रीचा चेहरा पांढराफटक पडला. मी त्या माणसाला हाताला धरून उठवलं आणि जिना दाखवला. आजाऱ्याला बघायला येतात की घाबरवायला? पण जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. त्यानंतर मिस्त्री एकसारखा त्या नळीकडे बघत राहिला.

दुपारी मी खाली चहाला गेलो. परत येऊन सवयीने पिशवी बघितली आणि कपाळात गेल्या. फिक्या गुलाबीचा विटकरी झाला होता. नळीत तर काळपट मरून. वर बघितलं, बाटलीतून थेंब पडत नव्हता. नळीवरची चाकी पुरती बंद.

"ही कोणी फिरवली?"

मिस्त्रीचे डोळे मिटलेले. दात आवळून म्हणाला, "मी."

"का?"

"तुंबलंय. आत फुगलंय सगळं, बाजूने गळतंय. लाइन तुंबली की आधी वरचा व्हॉल्व बंद करतात. तुला काय कळतंय त्यातलं?"

म्हणजे बघा. कळ आली, कळेबरोबर नळीच्या कडेने थोडं ओघळलं, याला वाटलं तुंबलं. आणि आयुष्यभर प्रत्येक घरात जे पहिलं केलं तेच इथे केलं. घराला ते बरोबर आहे. पण याच्या पोटात वरचं पाणी थांबल्यावर रक्त साकळलं आणि नव्हतं तुंबलं ते खरोखर तुंबलं.

मी बेलकडे हात नेला. त्याने माझं मनगट पकडलं. आजारी माणूस, पण पकड बघा, पान्याची.

"सिस्टरला सांगायचं नाही."

"हात सोडा."

"दुखतंय कळलं तर ही नळी ठेवतील. माझ्या बापाची ठेवली होती. त्रास होतोय म्हणाला, तर म्हणाले, राहू दे मग थोडे दिवस. तो त्या नळीसकटच गेला. खाटेला पिशवी लटकलेली, आणि वास येतो म्हणून जवळ कोणी बसायचं नाही. मला तसं मरायचं नाही. हात जोडतो, रंगारी."

हात जोडतो म्हणाला आणि मनगट मात्र सोडलं नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एवढं सगळं मनात धरून हा माणूस "दुखत नाही, दुखत नाही" करत बसला होता! मी तोंड उघडलं आणि अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असा ओरडलो, "सिस्टर! हा खोटं बोलतोय! पहिल्यापासून दुखतंय याला!"

"चहाडखोर," मिस्त्री म्हणाला. मग आणखी बरंच काही म्हणाला. ते लिहिण्यासारखं नाही.

डॉक्टर धावत आले. मोठ्या सिरिंजने नळीतून पाणी आत ढकलायचं आणि गाठी ओढून काढायच्या, असं किती तरी वेळ चाललं. मिस्त्री ओरडला. शेजारचा कंडक्टरसुद्धा गप्प झाला, असा ओरडला. माझ्या दंडावर त्याच्या नखांचे वळ उठले. गाठी निघाल्या, पाणी पुन्हा गुलाबी झालं, कळेचं औषध दिलं. डॉक्टर घाम पुसत म्हणाले, "काका, दुखतंय सांगितलं म्हणून कोणी नळी ठेवत नाही. लपवलंत म्हणून आता जास्त दिवस ठेवावी लागेल."

मिस्त्रीने भिंतीकडे तोंड केलं आणि माझ्याशी बोलणं टाकलं. मी म्हटलं, बरं झालं, तेवढीच शांतता. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो हा असा. पुढे डॉक्टरांनीच वरचं पाणी थांबवल्यावर पिशवी हातात धरून वॉर्डात चालायला लागला, ताईशी बोलायचा, कंडक्टरशीसुद्धा बोलायचा. मला मात्र नाही. संडासासमोरच्या बेसिनचा नळ ठिबकत होता, तो याला बघवेना. हातानेच असा आवळला की थेंब बंद.

शेवटी नळी काढायचा दिवस आला. सिस्टरने हातात प्लास्टिकचं भांडं दिलं. "भरपूर पाणी प्या. लघवी या भांड्यात करा, मोजायची आहे. झाली तर घरी. नाही झाली तर नळी परत घालावी लागेल आणि ती घेऊनच घरी जावं लागेल."

मिस्त्री तांब्यावर तांब्या पाणी प्यायला आणि भांडं घेऊन संडासात गेला. मी दाराबाहेर. आत चिडीचूप.

"होतंय का?"

मी बेसिनला टेकून उभा राहिलो. आतून एकदा कण्हल्याचा आवाज आला, मग भांडं फरशीवर आपटल्याचा.

"रंगारी," आतून हळूच हाक आली. इतक्या दिवसांतला पहिला शब्द. "नळ सोड जरा. पाण्याचा आवाज ऐकला की कदाचित..."

मी नळ फिरवला. हलेना.

"अहो, हा फिरत नाही."

"डावीकडे."

"डावीकडेच फिरवतोय!"

"ब्रश धरून धरून मनगटाची काडी झालीय तुझी. बायकोला बोलाव, ती सोडेल."

"तूच आवळलायस ना, मग ये बाहेर आणि सोड!" अहो-जाहो गेलं चुलीत. "जन्मभर लोकांच्या भिंती फोडल्यास, मेल्या, आणि एक नळ माणसाला उघडता येईल असा ठेवता आला नाही तुला!"

शर्टाचं टोक गुंडाळून, सगळा भार टाकून मी पीळ दिला. नळाची मूठच हातात आली आणि पाण्याचा फवारा थेट तोंडावर. मी बोंब ठोकली. डोळ्यांत पाणी, नाकात पाणी, शर्ट, पँट, सगळं चिंब.

आत मिस्त्री हसायला लागला. आधी नाकातून, मग पोटातून. थांबेचना. "मूठ काढलीस? मूठ? अरे गाढवा, हसवू नको... आई गं... हसवू नको, दुखतंय!"

दुखतंय म्हणाला.

आणि मग आवाज आला. बारीक, तुटक. थांबला. पुन्हा आला आणि चालू राहिला. एका हाताने फवारा दाबत, दुसऱ्या हातात नळाची मूठ धरून मी दुसऱ्या माणसाच्या लघवीचा आवाज ऐकत उभा होतो. मला इतका आनंद झाला की स्वतःचाच राग आला.

दार उघडून त्याने भांडं माझ्या नाकासमोर धरलं. "रंग बघ."

"फिका गुलाबी," मी म्हटलं.

गरज सरो, वैद्य मरो. घरी निघताना सगळ्यांसमोर म्हणाला, "रंगाऱ्याने हॉस्पिटलचा एक नळ मोडला. बाकी काही केलं नाही." सगळे हसले. ताईसुद्धा.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, काही आठवडे आग होईल, एखादी कळ येईल, घाबरू नका. आता घरी कोणीही विचारलं की हा म्हणतो, ठणठणीत. आणि मला फोन करतो. मी शिडीवर असतो, हातात रोलर असतो, तेव्हाच नेमका. ना नमस्कार, ना चमत्कार.

"दुखतंय."

"कळ की आग?"

"आग."

"रंग?"

"साधा आहे."

"मग पाणी पी आणि मर."

तो फोन ठेवतो. दर वेळी असंच. परवा मी चिडून विचारलं, "मलाच कशाला? ताईला सांग की."

"ती रडते," तो म्हणाला. "पोरी कामधंदा सोडून धावत येतात. तुझं बरं आहे. तुला काही वाटत नाही."

फोन बंद झाला. मी शिडीवर तसाच उभा राहिलो. अर्धा मारलेला पट्टा सुकला, भिंतीवर जोड उमटला, आणि मालक खालून ओरडायला लागला.

वाटतं रे. खूप वाटतं. फोन वाजला की भिंत अर्धी टाकून आधी तो उचलतो. पण हे त्याला कळलं तर तो मलाही "ठणठणीत" म्हणायला लागेल. म्हणून मी त्याला शिव्या देतो.